टाळू न भरलेले पिल्लू आणि माझे 81,140 रुपये

‘टीकप पॉमेरेनियन, आयुष्यभर एक किलोच्या आत राहण्याची हमी’ या जाहिरातीला मी भुललो, हे लिहितानाही लाज वाटते, कारण सतरा वर्षे मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात लोकांची कागदपत्रे तपासत आलो आहे. चहाच्या कपात बसवलेले पिल्लू, परवापासून दर वाढणार असल्याचा निरोप, आगाऊ रक्कम, मग वाहतुकीचे वेगळे पैसे, हा क्रम कोणाला नव्याने सांगायला नको. हिशेब तेवढा देतो: नोंदणीचे 15,000, ताबा घेताना रोख 40,000, वाहतुकीचे 3,500 आणि ‘कागदांचे’ 4,000. दोन खोल्यांच्या घरात मोठे कुत्रे ठेवणे शक्य नव्हते आणि मुलीचा हट्ट वर्षभराचा होता. त्यामुळे लहानात लहान पिल्लू घेणे हा मला समंजसपणाच वाटला होता.

नाशिकच्या बसस्थानकाबाहेर पिल्लू हाती आले तेव्हा आई सोबत होती. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “अरे, याची टाळू अजून भरलेली नाही.” त्या क्षणी 40,000 रुपये माझ्या खिशातच होते. पिल्लू आणणारा मुलगा हसून म्हणाला, “आजी, अस्सल टीकपची हीच खूण असते,” आणि मी त्याला जाब विचारण्याऐवजी आईलाच गप्प केले. पॉमेरेनियनच्या आंतरराष्ट्रीय मानकात उघडी टाळू हा कुत्र्याला बाद ठरवणारा दोष आहे, हे मी नंतर वाचले. लसीच्या पुस्तिकेत कुपीवरचे लेबल चिकटवलेले नव्हते, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नव्हता. कर्जाच्या अर्जात असा कागद आला असता तर मी तो उभ्या उभ्या परत केला असता.

तिसऱ्या रात्री पिल्लू लटपटले, आडवे पडले आणि त्याला झटके आले. रक्तातली साखर 28 निघाली. पशुवैद्यांनी वजन केले तर 420 ग्रॅम भरले, आणि दाढा आलेल्याच नसल्याने त्यांनी त्याचे वय जेमतेम पाच आठवडे ठरवले. मला नऊ सांगितले होते. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास 2017 च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. पशुवैद्यांनी सांगितले की ‘टीकप’ नावाची जातच नाही. पूर्ण वाढलेला पॉमेरेनियन साधारण दीड ते सव्वातीन किलोचा असतो, आणि त्याहून चिमुकले करण्यासाठी खुरटलेल्या नर-मादीचा संकर करतात, पिल्लाला उपाशी ठेवतात किंवा आईच्या दुधावरचे पिल्लू मोठे म्हणून विकतात. अशा जिवाच्या यकृतात साखरेचा साठा जवळपास नसतो, त्यामुळे काही तास पोट रिकामे राहिले तरी तो कोसळतो. (अशा वेळी हिरड्यांना मध चोळावा, तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते.) आमच्या पिल्लाच्या मेंदूतही पाणी साचलेले होते. गुडघ्याची वाटी सरकणे, श्वासनलिका दबणे, सोफ्यावरून उडी मारताच हाड मोडणे हे पुढचे भोग त्याच्या वाट्याला आले नाहीत, कारण ते अकराव्या दिवशी गेले. उपचारांचे 18,640 रुपये झाले.

विक्रेत्याने “तुम्ही नीट भरवले नसेल” असे म्हणून फोन बंद केला. पोलीस ठाण्यात हवालदारांनी “कुत्र्यासाठी गुन्हा?” असे विचारले आणि शेजारचे दोघे हसले, साहेबांनी ही दिवाणी बाब असल्याचे सांगितले. सायबर विभागाच्या मते वस्तू मिळालेली असल्याने ती ऑनलाइन फसवणूक ठरत नव्हती. म्हणजे पिल्लू मिळाले नसते तर माझी तक्रार घेतली गेली असती, मरण्याच्या बेतात असलेले मिळाले म्हणून नाही! पशुसंवर्धन कार्यालयात तीन खेपा घातल्या. तिथे विक्रेत्याचा प्रजनन नोंदणी क्रमांक, म्हणजे कुत्र्यांची पैदास करण्यासाठीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, मागितला, आणि त्याच्याकडे तो नाही हीच तर माझी तक्रार आहे, हे दोन टेबलांवर समजावूनही अर्ज ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आला. तेव्हा तो क्रमांक पैसे देण्याआधी मागा, पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा, उर्वरित रक्कम आपल्या पशुवैद्याने तपासल्यावरच द्या आणि रोख तर देऊच नका. माझे 40,000 कोणत्याही कागदावर नाहीत.

ग्राहक आयोगाचा मार्ग उरला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मात्र विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो, आणि पावतीवरच्या पत्त्यावर मी गेलो तेव्हा तिथे झेरॉक्सचे दुकान होते. नोटिशीसाठी वकिलांनी 5,000 रुपये सांगितले आहेत. ती पाठवायची कुठे, हे त्यांनी मलाच विचारले आहे.