ड्रायसूट कोर्स: 14 किलो शिसं आणि पायात शिरलेली हवा

स्कूबा डायव्हिंगच्या ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा, हवा भरता येणारा सूट) कोर्सला पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा पहिल्या दिवसाचा.

त्या दिवशी इन्स्ट्रक्टरने माझ्या कमरेला 14 किलो शिसं बांधलं. वेटसूटमध्ये (आत पाणी शिरणाऱ्या नेहमीच्या सूटमध्ये) मी 6 किलोवर उतरते. विचारलं तर म्हणे, "ड्रायसूटला जास्तच लागतं." लागतं, खरंय, जाड अंडरसूटमध्ये हवा अडकून राहते. पण मी दगडासारखी तळाला गेले आणि वर राहायला सूटमध्ये हवा भरत बसले. ती हवा एका जागी थोडीच थांबते! डोकं जरा खाली झुकलं की सगळी पायांकडे. बूट फुगले, फिन्स निसटतात की काय असं झालं, आणि मी वटवाघळासारखी उलटी वर निघाले. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायचं त्यांनी उथळ पाण्यात चार वेळा घोटून घेतलं होतं, म्हणून निभावलं. तेवढ्यासाठी पैकीच्या पैकी.

दुसऱ्या दिवशी दुसरी इन्स्ट्रक्टर आली. तिने वजन तपासलं ते डाइव्ह संपताना, सिलिंडरमध्ये 50 बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं एकक) उरल्यावर. 12 लिटरच्या सिलिंडरमधली 200 बार हवा स्वतःच जवळपास 3 किलोची असते. ती संपत जाते तसे आपण हलके होतो, म्हणून वजन शेवटी तपासायचं. तरंगण्यासाठी हवा भरतात ते जॅकेट रिकामं, सूटमध्ये अंगाला चिमटे बसणार नाहीत इतपतच हवा, आणि 3 मीटरवर स्थिर राहायचं. एकेक किलो काढत 10 वर आलो. 4 किलो शिसं गेलं म्हणजे ते पेलायला लागणारी साधारण 4 लिटर हवाही गेली. 10 मीटरवरची ती 4 लिटर पृष्ठभागापर्यंत 8 होते. "कळलं, काल कुणी उचललं तुला?" ती हसत म्हणाली.

सूटमधली हवा सोडायच्या दंडावरच्या व्हॉल्व्हचंही तसंच. मी घाबरून अख्खा हात वर करायचे, हवा मनगटाकडे पळायची आणि व्हॉल्व्ह मुका. तिने माझं कोपर धरून वर उचललं, पंजा खाली सोडायला लावला. फुर्रर्र करून बुडबुडे सुटले.

भाड्याच्या सूटचं गळ्याचं सील मला घट्ट होतं, दुपारपर्यंत डोकं जड झालं. बदलून मागितल्यावर लगेच दिलं, तक्रार नाही.

बुकिंग करण्याआधी एवढंच विचारून घ्या: वजन 50 बारवर तपासता का?