बनावट तिकीट न फाडणारी तपासणी सेवा

जुन्या टपाल तिकिटांची सत्यता तपासून देणाऱ्या या सेवेचे खरे मोल माझ्या मते तिच्या एका धोरणात आहे: बनावट ठरलेले तिकीट ती फाडत किंवा जप्त करत नाही, तर त्याच्या मागील बाजूस शिक्का मारून आणि छायाचित्रासह अहवाल जोडून मालकाला परत करते. कागद, जलचिन्ह, कडेची छिद्रे आणि छपाईची पद्धत यांचे अहवालातील विवेचन इतके नेमके आहे की, त्याच्या आधारे पुढची नक्कल मालकाला स्वतःच ओळखता यावी. असा पुरावा नष्ट करणे म्हणजे अभ्यासाचे साधनच गमावणे होय. जिनिव्हातील तिकीटसंग्राहकांच्या संघटनेने तिकिटांच्या नकला बनवून विकणारे फ्रांस्वा फूर्निये यांच्या नकलांचा साठा मिळवून काहींचे खुणा केलेले अल्बम तयार केले आणि उरलेला माल नष्ट केला, हा मार्ग मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण एकाच नकलेच्या असंख्य प्रती जपल्याने अभ्यासात भर पडत नाही, फसवणुकीची सोय मात्र होते. १९५४ मध्ये ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशन या तिकीटसंग्रहाशी संबंधित संस्थेने झां द स्पेराती या दुसऱ्या नक्कलकाराचा साठा विकत घेतला, तोही तो बाजारात पसरू नये म्हणूनच. तक्रार एकच, पण गंभीर आहे: शिक्क्याची शाई फिकट आहे, आणि ती पुसली गेल्यास तेच तिकीट पुन्हा अस्सल म्हणून विकले जाऊ शकते. शाई बदलेपर्यंत ही सेवा मी अभ्यासकांनाच सुचवीन.