लूपचा निर्देशांक पाहावा की रुपयांचा हिशेब?

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत भुकटी वाळवण्याचा विभाग सांभाळताना, स्वयंचलित नियंत्रणाच्या लूपचा, म्हणजे मोजमाप पाहून आपोआप दुरुस्ती करणाऱ्या साखळीचा, दर्जा कशावरून ठरवावा हा प्रश्न माझ्यापुढेही आला होता. नियंत्रणशास्त्राचे अभ्यासक हॅरिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या निर्देशांकासाठी ना उत्पादन थांबवावे लागते, ना मुद्दाम धक्के देऊन चाचण्या घ्याव्या लागतात; रोजच्या नोंदी आणि लूपचा डेड टाइम (बदल केल्यापासून त्याचा परिणाम दिसू लागेपर्यंतचा वेळ) हाताशी असला, की किमान शक्य चढउताराच्या तुलनेत आपला लूप कुठे आहे ते कळते. शेकडो लूप चाळायचे असतील, तर याहून सोयीचे साधन निदान माझ्या पाहण्यात नाही.

त्याच चाळणीत ड्रायरच्या आधीच्या बफर टाकीचा पातळीचा लूप तळाशी आला आणि आम्ही तो घट्ट ट्यून केला. निर्देशांक सुधारला, पातळीची रेघ सरळ झाली आणि टाकीने जे हेलकावे पोटात घ्यायचे, ते थेट ड्रायरमध्ये उतरू लागले. टाकी बसवली होती ती त्यासाठीच! पातळी हलल्याने कोणाचा पैसाही बुडत नव्हता. मालातला ओलावा हलल्याने मात्र रोज बुडत होता.

रुपयांचा हिशेब नेमका तिथून सुरू होतो. ओलाव्याची कमाल मर्यादा ५ टक्के असेल आणि शंभरात पाच वेळा ती ओलांडलेली चालत असेल, तर सेट पॉइंट (लूपला दिलेले लक्ष्य) त्या मर्यादेपेक्षा प्रमाण विचलनाच्या (चढउताराच्या मापाच्या) १.६४५ पट खाली ठेवावा लागतो. विचलन ०.४ असताना तो ४.३४ वर असतो, ०.२ झाल्यावर ४.६७ पर्यंत नेता येतो. वजनावर विकल्या जाणाऱ्या दहा टन मालामागे हा फरक सुमारे ३५ किलोंचा पडतो; वाचलेली वाफ वेगळी.

या मार्गाला कटकटी नाहीत असे नाही. वाफेचा दर कोणता धरायचा यावर लेखा विभागाशी वाद होतो, विचलनाची मांडणी सरळ घंटाकृती असेलच याची खात्री नसते आणि चढउतार कमी करूनही शिफ्टमधील मंडळींनी धास्तीपोटी सेट पॉइंट जुन्याच जागी ठेवला, तर हाती फारसे काही लागत नाही. तरीही, लूप थोडे आणि माल महाग असल्यास मी हिशेबाकडेच झुकेन.

निर्देशांक मी आजही दर महिन्याला काढतो. पुन्हा सैल केलेला बफर टाकीचा लूप त्या यादीत तळाशीच असतो आणि मी त्याला हात लावत नाही.