बोहरी आळीतून आणलेला सिंकचा नळ: सहा महिन्यांनंतरचे मत

सदाशिव पेठेतील आमच्या जुन्या इमारतीत स्वयंपाकघराचा नळ दीड वर्ष ठिबकत होता. तीनदा वायसर बदलला, एकदा अख्खे स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा, बदलले. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस शांतता आणि पुन्हा तेच. शेवटी एका रात्री अकरा वाजता नळाखाली पातेले ठेवले. सकाळी सहा वाजता मापून पाहिले, तर त्यात चार लिटर पाणी जमले होते. म्हणजे दिवसाला साधारण चौदा लिटर. त्याच दिवशी नळाचा फोटो काढून मी रविवार पेठेत बोहरी आळी गाठली.

दुकान जेमतेम आठ फूट रुंद असेल. नळ कसा हवा हे सांगण्याआधीच मालकांनी तीन प्रश्न विचारले: नळ ओट्यावर बसवायचा की भिंतीत, भोक केवढे आहे आणि पाणी महापालिकेचे की बोअरचे. भोकाचे माप मला सांगता येईना. त्यावर ते म्हणाले, "साहेब, फोटोवरून नळ देत नाही. जुना काढून आणा." मला रागच आला, त्या आळीत गाडी लावायला जागा मिळवणे हेच अर्धे काम असते आणि तेच उद्या पुन्हा करायचे होते. मात्र सिंकच्या मागच्या अरुंद जागेत साधा पाना फिरणार नाही हे त्यांनीच ओळखले आणि दोनशे रुपये अनामत घेऊन, लांब दांड्याचा व आडव्या तोंडाचा एक पाना मला वापरायला दिला. तो नसता तर काम झालेच नसते. ओट्याखाली कचऱ्याचा डबा आणि तेलाचे डबे बाजूला करून मी पाठीवर आडवा झालो. क्षारांनी पांढरा पडलेला नट पाऊण तास जागचा हलला नाही आणि हलला तेव्हा गंजाचा चुरा थेट चष्म्यावर पडला.

दुसऱ्या दिवशी मालकांनी जुना नळ उघडून आत टॉर्च मारला आणि मला नखाने चाचपून पाहायला सांगितले. वायसर ज्या पितळी कडेवर दाबून बसतो, त्या कडेला पाण्याने खाच पाडली होती. नवा वायसर काही दिवस त्या खाचेत दबून बसायचा आणि झिजला की गळती पुन्हा सुरू व्हायची. दीड वर्षात चार दुरुस्त्यांचे पैसे घेणाऱ्या प्लंबरने ही कड एकदाही पाहिली नव्हती.

नवा नळ पितळेचा, क्रोम मुलाम्याचा, उंच वळणदार मानेचा आहे आणि पाव फेऱ्यात उघडतो. त्यात रबरी वायसर कडेवर दाबला जात नाही. सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकून पाणी सुरू किंवा बंद करतात. अशा नळाचा शत्रू म्हणजे रेती, कारण बारीक कण चकत्यांमध्ये शिरला की त्यांवर ओरखडा उठतो. म्हणून नळ जोडण्यापूर्वी भिंतीतील पाइपाचे पाणी दोन बादल्या वाहू द्या, असे मालकांनी बजावले. पहिल्या बादलीच्या तळाशी चिमूटभर तांबूस चुरा बसला, तेव्हा त्या सूचनेची किंमत कळली. टेफ्लॉन टेप फक्त भिंतीकडच्या आट्यांना गुंडाळायची, ज्या जोडाला रबरी वायसर आहे तिथे तिची गरज नाही, हेही तिथेच समजले.

नळाला १,४५० रुपये पडले. खोक्यातला जोडपाइप चार बोटे तोकडा निघाला, त्यामुळे दोन फुटी पाइपाचे १८० रुपये वेगळे गेले. एवढी किंमत घेणाऱ्या कंपनीने ही काटकसर करायला नको होती. बिल मात्र न मागता मिळाले आणि पाना परत करताच अनामतही.

सहा महिन्यांत एक थेंब गळलेला नाही. तोंडाची जाळी एकदा तुंबली होती. ती काढून लिंबाच्या रसात रात्रभर ठेवल्यावर धार पूर्ववत झाली. तक्रार एकच आहे आणि ती रोजची आहे: मान उंच व आमचे सिंक उथळ, त्यामुळे नळ पूर्ण सोडला की ओट्यावर आणि पोटावर शिंतोडे उडतात. सिंकची खोली किती, हा चौथा प्रश्न मालकांनी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही. सध्या आम्ही नळ अर्धाच उघडतो.