व्हॉट्सॲप ग्रुप की फेसबुक? सांगलीतल्या नवख्यांसाठी

आई-आप्पांना नवा फोन घेऊन दिला की पहिला प्रश्न येतो, "यातलं काय कशासाठी?" सांगलीत याचं उत्तर पावसाळ्यात चटकन समजतं.

व्हॉट्सॲप ओळखीच्यांसाठी. गल्लीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, बेदाण्याचे भाव कळवणारा ग्रुप. एका ग्रुपात १०२४ जण मावतात आणि तुमचा नंबर त्या सगळ्यांना दिसतो, हे कुणी आधी सांगत नाही. "गाडी वर काढा, पाणी गल्लीत शिरलंय" हे सांगायला मात्र याच्या तोडीचं काही नाही. गोची फॉरवर्डची. 'आयर्विन पुलाजवळ पाणी ४४ फूट' असा मेसेज पडतो. कृष्णेवरच्या या पुलाशी इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५, म्हणजे पोटात गोळाच. पण तो आजचा की २०१९ च्या महापुरातला? फॉरवर्ड झाला की मूळ तारीख गळून पडते.

फेसबुक म्हणजे चावडी. अनोळखीही वाचतात, म्हणून पाण्याची पातळी प्रशासनाच्या अधिकृत पेजवर बघावी. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, दोन्ही दिसतं. फक्त पोस्ट वेळेच्या क्रमानं येतीलच असं नाही, कालची पातळी आज सगळ्यात वर दिसू शकते. तारीख बघायची सवय लावा.

वाढदिवसाचे फोटो कुठंही टाका. घराला कुलूप लावून निघालात, तर ते ग्रुपातच सांगा.