ड्राय ग्लोव्ह्ज, अख्खा हिवाळा वापरून: ऊब मस्त, पण रेस्क्यूचं काय?

स्कूबा डायव्हिंगचे, हात कोरडे ठेवणारे ड्राय ग्लोव्ह्ज, मनगटापाशी ड्रायसूटच्या (पाणी आत न येणाऱ्या सूटच्या) बाहीला रिंगने लॉक होणारे, आत लोकरीचे लायनर. बहुतेक वापर ४ ते ६ डिग्रीच्या पाण्यात, बुडालेल्या जहाजांवर म्हणजे रेक डाइव्हला. ऊबेबद्दल तक्रारच नाही, साध्या ग्लोव्ह्जचं ५ मिमी निओप्रीन (रबरी फोम) खोलवर दबून पातळ होतं आणि बोटं बधिर व्हायची, इथे शेवटच्या डेको स्टॉपलाही (वर येताना शरीरात विरघळलेला वायू निघून जावा म्हणून घ्यायचा थांबा) बोटं चालतात.

आता खरा प्रॉब्लेम. रेकवरचे गंजलेले पत्रे प्रचंड धारदार असतात, एक ग्लोव्ह तर्जनीपाशी फाटलाच. खाली जाताना ग्लोव्ह हाताला आवळू नये म्हणून मनगटाच्या सीलखाली छोटी ट्यूब घालतात, सूटमधली हवा आत येते, पण मग ग्लोव्ह फाटला की पाणी पण त्याच वाटेने सरळ बाहीत! आणि हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता साधारण २५ पट वेगाने ओढून घेतं, म्हणजे डाइव्ह संपलीच समजा. आता ट्यूबऐवजी जाडसर धागा घालतो, तेवढी हवा पुरते आणि पाणी आलंच तर झिरपत येतं.

रेस्क्यू ड्रिल मात्र हेच ग्लोव्ह्ज घालून कराच, उथळ पण थंड पाण्यात. थंडीत रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजमध्ये (टाकीवर बसणाऱ्या, हवेचा दाब कमी करणाऱ्या भागात) बर्फ धरतो, फ्री-फ्लो सुरू होतो म्हणजे हवा आपोआप सुटत राहते, तेव्हा डोक्यामागचा टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, ते जमतं, नॉब मोठा असतो. लहान बोल्ट स्नॅप (सामान अडकवायचे हुक) अजिबात जमत नाहीत, मी सगळे मोठे बसवले. मासेमारीच्या जाळ्यांसाठी कटरसुद्धा मोठ्या मुठीचाच घ्या. सगळ्यात अवघड काय, तर बेशुद्ध बडीला (डाइव्हमधल्या जोडीदाराला) वर आणणं, कारण वर येताना त्याच्या ड्रायसूटमधली हवा फुगत जाते, ती सोडली नाही तर दोघंही सुसाट वर, आणि त्याच्या दंडावरचा हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह या ग्लोव्ह्जमधून नुसत्या स्पर्शाने कळत नाही, बघावंच लागतं. गाळ उठलेला असेल तर बघणार कसं?

बोटीवर वेगळीच कटकट. बेंड्सची (पटकन वर आल्यावर शरीरात वायूचे बुडबुडे होण्याची) शंका असेल तर माणसाला आडवं ठेवून लगेच १००% ऑक्सिजन, गारठलाय म्हणून हातपाय चोळायचे नाहीत, चालवायचं तर नाहीच. आणि त्याच वेळी तुम्ही रिंगचं लॉक सोडवत बसलेले! म्हणून ऑक्सिजन किट आम्ही कायम पाण्यात न उतरलेल्या माणसाकडे ठेवतो.

पाचपैकी चार. तो एक स्टार त्या रिंगमुळे गेला.