सुगीच्या हातांसाठी घरी केलेला साबण : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

शरद ऋतू लागला की शेतावर राहणाऱ्या माणसाला दिवसातून किती वेळा हात धुवावे लागतात, याची मोजदाद करणे अवघड आहे. पहाटे गोठा, मग दंवाने भिजलेली कापणी, दुपारी मळणीची धूळ आणि संध्याकाळी सरपणाचा डिंक व चुलीची राख, असा दिवस जातो. नेमकी याच दिवसांत हवा कोरडी होऊ लागते आणि धुण्यागणिक कातडी अधिकाधिक ओढली जाते. आमच्या घरी सासूबाईंच्या अंगठ्याला आणि तर्जनीला दर वर्षी या सुमारास भेगा पडतात, त्या भेगांत माती बसते आणि माती काढण्यासाठी साबण चोळला की भेगा आणखी उलतात. या एका कारणासाठी मी मागच्या शरदात साबण घरी करायला घेतला. रंग, सुगंध किंवा देखणेपणा यांचा विचार त्यामागे नव्हता, त्यामुळे या साबणाची पारखही मी त्याच अंगाने करणार आहे.

प्रमाण आधी सांगते, कारण पुढचे सगळे अनुभव याच घाण्याचे आहेत. ऑलिव्ह तेल 650 ग्रॅम, खोबरेल तेल 250 ग्रॅम आणि एरंडेल तेल 100 ग्रॅम, असे एकूण एक किलो तेल घेतले. प्रत्येक तेलाचा पूर्ण साबण होण्यासाठी लागणारा कॉस्टिक सोडा वेगवेगळा असतो. एक ग्रॅम ऑलिव्ह तेलाला सुमारे 0.135 ग्रॅम, खोबरेल तेलाला 0.183 ग्रॅम आणि एरंडेल तेलाला 0.128 ग्रॅम सोडा लागतो. या हिशेबाने एकूण 146 ग्रॅम होतो. त्यातला पाच टक्के मुद्दाम कमी करून मी 139 ग्रॅम सोडा आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे 278 ग्रॅम पाणी घेतले. पाच टक्के सोडा कमी घेतल्याने तेवढे तेल साबण न होता वडीत तसेच शिल्लक राहते आणि हाताला जो मऊपणा जाणवतो त्यात या तेलाचा वाटा मोठा असतो. तेल बदलले तर हा हिशेब नव्याने मांडावा लागतो. 'याऐवजी ते घातले' असे इथे मुळीच चालत नाही.

याआधीचा माझा पहिला घाणा पूर्ण वाया गेला होता. त्याची हकिगत सांगणे आवश्यक वाटते, कारण ती चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. सोड्याच्या डब्याचे झाकण मी नीट लावले नव्हते. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे वजनकाट्यावर दिसणारा सगळा भार सोड्याचा उरत नाही. माझे वजन बरोबर होते, पण वजनातला सोडा कमी होता. साबण तीन आठवडे लोण्यासारखा मऊ राहिला आणि त्याच्या अंगावर पांढरी पूड धरली. मी दोष तेलाला देत बसले. चूक लक्षात आली ती डब्यातल्या दाण्यांचे ओलसर गोळे झालेले पाहिल्यावर. तेव्हापासून सोडा हवाबंद प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवते आणि गोळे धरलेला सोडा वापरत नाही.

सोड्याच्या बाबतीत मी फार कडक आहे आणि वाचणाऱ्यांनीही तसेच असावे अशी कळकळीची विनंती आहे. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे असल्याशिवाय मी बरणी उघडत नाही. मुले आणि जनावरे त्या खोलीत नसतात, खिडक्या उघड्या असतात. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचे नाही. सोडा पडताच पाणी काही क्षणांत 80 अंशांच्या पुढे जाते आणि नाकात बसणारी वाफ निघते. ॲल्युमिनियमचे भांडे वर्ज्य आहे, कारण सोडा त्याला खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. स्टेनलेस स्टीलचे भांडे चालते. अंगावर थेंब उडाला तर भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे, त्यावर व्हिनेगर चोळू नये.

शरदातल्या गारव्याने एक वेगळाच धडा शिकवला. खोबरेल तेल सुमारे 24 अंशांखाली थिजते. त्या सकाळी स्वयंपाकघर इतके गार होते की सोड्याचे पाणी घातल्यावर पाचव्याच मिनिटाला मिश्रण दाट झाले आणि साबण जमला असे मला वाटले. तेल आणि सोडा एकजीव होऊन मिश्रण दाटते, त्याला साबण करणारे ट्रेस म्हणतात; ती ही अवस्था नव्हती. नुसते तेल थिजले होते. भांडे कोमट पाण्यात ठेवल्यावर मिश्रण पुन्हा पातळ झाले आणि खरा ट्रेस पुढे वीस मिनिटांनी आला. तो ओळखायची खूण अशी की डाव उचलून त्यातली धार मिश्रणावर सोडली तर ती लगेच बुडत नाही; पातळ पिठल्यावर उमटावी तशी रेघ क्षणभर वर दिसते आणि मग हळूच मिटते. आता मी तेले आणि सोड्याचे पाणी दोन्ही 40 अंशांच्या आसपास आल्यावरच एकत्र करते.

साच्यात ओतलेला साबण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कापला. बारा वड्या झाल्या, प्रत्येकी साधारण 118 ग्रॅमची. कापलेल्या प्रत्येक वडीच्या मध्यभागी गडद रंगाचे एक वर्तुळ दिसत होते आणि कडा फिकट होत्या. गार हवेत साच्याच्या कडा लवकर निवतात आणि मधला भाग मात्र आतल्या उष्णतेने तापून पारदर्शक होतो, त्याची ती खूण आहे. साबण म्हणून दोन्ही भागांत फरक पडत नाही. साचा घोंगडीत गुंडाळला की हे वर्तुळ राहत नाही, पण ते पुसून टाकण्याची गरज मला वाटली नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मुरण्याचा. मी वड्या माळ्यावरच्या जाळीच्या फळीवर एकमेकींना न चिकटवता ठेवल्या आणि त्यांतली एक दर रविवारी वजन केली. चौथ्या आठवड्यात ती 109 ग्रॅम भरली, आठव्या आठवड्यात 105 ग्रॅम, आणि 104 ग्रॅमच्या आसपास वजन स्थिरावले. पाणी उडून जाते हे उघड आहे. सोडा मात्र पहिल्या एकदोन दिवसांतच जवळपास संपलेला असतो. खात्रीसाठी मी ओल्या वडीवर बोट फिरवून ते जिभेच्या टोकाला लावले. सोडा शिल्लक असेल तर जिभेला बारीक झटका बसतो. तसे काही झाले नाही, फक्त साबणाची कडवट चव लागली. म्हणजे साबण पहिल्याच आठवड्यात वापरण्याजोगा होता, आणि तरीही तो तेव्हा वापरणे ही चूक ठरली असती.

हे मी खात्रीने सांगू शकते, कारण सुगीची घाई असल्याने चौथ्या आठवड्यातच पहिली वडी बाहेरच्या धुण्याच्या दगडावर गेली. चार माणसांच्या हातांखाली ती सोळा दिवसांत संपली. फेस पातळ होता, आणि वडीच्या खाली रोज सकाळी बुळबुळीत, नाकातल्या शेंबडासारखा तारेचा थर साचलेला असे. ऑलिव्ह तेलाचे प्रमाण जास्त असलेल्या ताज्या साबणाचा हा स्वभावच आहे. नऊ आठवड्यांनी काढलेली वडी बावीस दिवस चालली. चोवीस आठवडे मुरलेली वडी सत्तावीस दिवस पुरली, तिचा फेस दाट आणि बारीक बुडबुड्यांचा होता आणि हातात धरल्यावर ती नदीच्या गोट्यासारखी घट्ट लागत होती. घाणा एकच, तेल तेच, सोडा तोच, आणि तरी पहिली व शेवटची वडी शेजारी शेजारी ठेवली तर दोन्ही एकाच साच्यातून निघाल्या असे कोणी म्हणणार नाही.

हातांचे काय झाले, हा ज्यासाठी सगळा खटाटोप केला तो प्रश्न. तेलकट मळ आणि गोठ्याचा वास यांवर हा साबण पुरेसा ठरला. डिंक मात्र साबणाने जात नाही. त्यासाठी आधी थोडे तेल चोळावे लागते आणि मग साबण लावला की तो सुटून येतो. सासूबाई कशाचेही चटकन कौतुक करत नाहीत. वापराच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा त्या दगडापाशी उभ्या राहून ओल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "धुतल्यावर हात ओढल्यासारखे होत नाहीत गं." त्या वर्षी अंगठ्याची भेग पडलीच, पण ती उलली नाही आणि तर्जनी पूर्ण हिवाळाभर साबूत राहिली. त्यांच्या हाताला त्या काळात रात्री तेलही लावले जात होते, म्हणून सगळे श्रेय मी साबणाला देत नाही.

या सौम्यपणामागे काही गूढ नाही. तेल आणि सोडा यांची क्रिया झाली की साबणाबरोबर ग्लिसरीनही तयार होते. तेला-चरबीची ही घडण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी उलगडली आणि 1823 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. कारखान्यांत हे ग्लिसरीन बरेचदा वेगळे काढले जाते, घरच्या वडीत ते सगळे राहते. मात्र घरचा साबण 'त्वचेच्या पीएचचा' (पीएच म्हणजे आम्लता-अल्कता सांगणारा आकडा) असतो, हे म्हणणे मी मान्य करणार नाही. खऱ्या साबणाचा पीएच नऊ ते दहाच्या दरम्यान असतो आणि त्वचेचा पाचच्या आसपास. तो पाचवर आणला तर साबण साबण राहतच नाही, त्याची पुन्हा स्निग्धाम्ले होतात. त्याचप्रमाणे याने त्वचेचे रोग बरे होतात असेही मी कोणाला सांगितलेले नाही आणि सांगणार नाही.

केसांसाठी हा साबण मला साफ नापसंत आहे. आमच्या विहिरीचे पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. हातावरून तो निघून जातो, केसांत मात्र बसतो. दोन महिने मी नेटाने प्रयत्न केला, पाण्यात थोडे व्हिनेगर घालून केस धुऊन पाहिले, त्याने थोडा फरक पडला, पण फणीवर राखाडी मेण येणे थांबले नाही. पावसाचे साठवलेले पाणी वापरले तेव्हा केस चांगले निघाले, म्हणजे दोष पाण्याचाही आहे. कपड्यांनाही तो वापरू नये. शिल्लक ठेवलेले पाच टक्के तेल कापडात उतरते आणि पुढे खवट वास येतो.

खवटपणावरून आठवले. याच काळात मी सूर्यफुलाचे तेल निम्म्याहून जास्त घालून दुसरा एक घाणा केला होता. तो सुरुवातीला हाताला अधिक मऊ लागला, पण चौथ्या महिन्यात वड्यांवर नारिंगी ठिपके उमटले आणि जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास येऊ लागला. सूर्यफुलाच्या साध्या तेलात लिनोलेइक आम्ल भरपूर असते, ते हवेतल्या प्राणवायूने लवकर बिघडते. त्यात मी वड्या चुलीजवळच्या उबदार कोनाड्यात ठेवल्या होत्या. त्याच घाण्यावर सजावटीसाठी वाळलेल्या पाकळ्या पेरल्या होत्या, त्याही आठवड्याभरात काळपट तपकिरी झाल्या. बहुतेक फुलांचा रंग क्षारात टिकत नाही, हे आधी विचारले असते तर पाकळ्या वाचल्या असत्या.

शरदात चूल रोज पेटते आणि राख भरपूर निघते, म्हणून राखेचा साबणही करून पाहिला. राखेच्या निवळीत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. नुसत्या त्याने तेलाचा साबण नीट होत नाही, चुन्याची निवळी घातली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होते आणि मग काम पुढे सरकते. त्यातून मला मिळाली ती तपकिरी, जेलीसारखी लगदा. भांडी घासायला ती चांगली चालली, पण पोटॅशियमचा साबण मऊच राहतो, त्याची टणक वडी होत नाही. निकोला लेब्लाँ यांनी 1791 मध्ये मिठापासून धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, त्याचे साबणाच्या धंद्याला एवढे महत्त्व का होते, हे ती लगदा ढवळताना मला चांगलेच उमगले. शिवाय राखेच्या पाण्याची तीव्रता दर वेळी वेगळी निघते, म्हणून अंगाला लावायच्या साबणासाठी मी ती वाट पुन्हा धरणार नाही.

वडी ठेवण्याची पद्धत बदलल्याने मात्र अनपेक्षित फायदा झाला. सुरुवातीला ती खोलगट ताटलीत असे, तिथे पाणी साचून ती विरघळत राही. नंतर तीन काटक्या सुतळीने बांधून त्यांची लहानशी घडवंची केली आणि वडी त्यावर ठेवली. दोन धुण्यांच्या मधल्या वेळात ती कोरडी होते आणि खालचा बुळबुळीत थर बंद झाला.

बारांपैकी दोन वड्या आता शिल्लक आहेत. त्यांतली एक पूर्ण वर्ष मुरू द्यायची म्हणून माळ्यावरच ठेवली आहे, दुसरी याच आठवड्यात दगडावर जाईल. पुढचा घाणा सुगीच्या दहा आठवडे आधी घालायचे ठरवले आहे, प्रमाण तेच राहील, आणि तेव्हाच्या दमट हवेत वड्या उशिरा वाळतील म्हणून पाणी 278 ऐवजी 250 ग्रॅम घेईन. सासूबाईंनी वडी थोडी लहान कापायला सांगितली आहे, कारण 118 ग्रॅमची वडी त्यांच्या मुठीत मावत नाही.